१ जूनला एवढे जन्म कसे?

‘१ जूनला भारतात सर्वाधिक बाळं जन्मतात’, असा मेसेज दरवर्षी फिरतो. चळवळीतल्या कित्येक जुन्या कार्यकर्त्यांची जन्मतारीखही हीच, त्यामुळे तो पटतोही.

पण पूर्वी जन्म घरी, सुईणीच्या हातून. आई सांगणार, “पेरणीच्या आधी झाला.” शाळा जूनमध्ये उघडायची. गुरुजी पोराला डोक्यावरून हात नेऊन पलीकडचा कान धरायला लावायचे. हात पोचला की वय सहा, तारीख १ जून! जन्मनोंदणीचा देशभराचा कायदा आला तोच मुळी १९६९ साली.

पडताळायचंय? शाळेचं जुनं जनरल रजिस्टर, म्हणजे प्रवेशाची नोंदवही बघा, एकाच पानावर १ जूनची रांग सापडेल. मग तहसीलमधलं कोतवाल बुक, म्हणजे गावच्या जन्म-मृत्यूची जुनी नोंदवही काढा. तिथं बाळाचं नाव बहुधा नसतं, बापाचं असतं. तारीख मात्र जन्माच्या जवळची.