चोकचेरीचं वाळवण आणि सायनाइड

जर्दाळूच्या बियांतलं ‘व्हिटॅमिन बी-१७’ कर्करोग बरा करतं, असा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर फिरत असतो. असं जीवनसत्त्वच नाही. ते आहे अमिग्डालिन, ज्यातून सायनाइड सुटतं. १९८२ साली अमेरिकेत १७८ रुग्णांवरच्या चाचणीचे निष्कर्ष आले. कर्करोगावर काडीचाही गुण आला नव्हता, काहींना सायनाइडची बाधा मात्र दिसली. असले मजकूर पुढे ढकलणं हा जिवाशी खेळ आहे.

हेच अमिग्डालिन उत्तर अमेरिकेतल्या चोकचेरीच्या बीत असतं. ही तिथली रानचेरी. फळ वाटाण्याएवढं, पिकलं की काळपट जांभळं आणि घसा आवळून धरणारं तुरट. तिथले मूळ रहिवासी असलेले लाकोटा लोक ते पिढ्यान्‌पिढ्या आठळीसकट खात आले आहेत. फळं दगडावर ठेचायची, लगद्याच्या चपट्या वड्या थापायच्या आणि कडक उन्हात वाळवायच्या.

खरी गंमत ठेचण्यात आहे. बीमध्ये अमिग्डालिन एका प्रकारच्या पेशींत आणि ते तोडणारी विकरं (एन्झाइम) दुसऱ्या पेशींत असतात. ठेचलं की दोन्हींची गाठ पडते. अमिग्डालिनला जोडलेले ग्लुकोजचे दोन रेणू एकेक करून सुटतात. उरतं मँडेलोनायट्राइल, ते फुटून बेंझाल्डिहाइड आणि हायड्रोजन सायनाइड तयार होतं. हायड्रोजन सायनाइडचा उत्कलनबिंदू सुमारे २६ अंश सेल्सिअस, बेंझाल्डिहाइडचा सुमारे १७९. त्यामुळे पातळ वडी उन्हात वाळताना विष उडून जातं आणि बेंझाल्डिहाइडचा बदामी वास बराचसा मागे राहतो. पावसाने ताण दिल्यावर कोवळी ज्वारी चरून आपल्याकडे गुरं दगावतात, तीही सायनाइडनेच. फक्त तिथे मूळ रेणू धुरिन हा असतो.

मग आठळ्या नुसत्या उकळल्या तर? उष्णतेने विकरं निकामी होतात, अमिग्डालिन बीतच राहतं. अशी बी चावून खाल्ली, तर आतड्यातले जिवाणू ते तोडतात आणि सायनाइड पोटात सुटतं. म्हणून आधी ठेचणं आणि मग सावकाश वाळवणं, या क्रमालाच महत्त्व आहे. रसायनशास्त्राच्या कितीतरी आधी लाकोटा बायकांनी तो पक्का केला होता, याचं मला फार अप्रूप वाटतं.

लाकोटांच्या एका महिन्याचं नावच चोकचेरी काळ्या होण्यावरून पडलं आहे. तो साधारण जुलैत येतो. वाळलेल्या वड्या भिजवून, शिजवून दाटसर गोड वोझापी करतात. पूर्वी ती दाट करायला तिम्पसिला या रानकंदाचं पीठ घालत. सुकवलेलं मांस कुटून त्यात चरबी आणि चोकचेरी मिसळली की होते वास्ना, लांबच्या प्रवासात टिकणारी शिदोरी.