डाउट की सस्पेक्ट? तुमचा शब्द आम्ही का बदलतो

आम्ही तपासलेला तुमचा इंग्रजी मजकूर परत येतो तेव्हा समासात कधीकधी आमचा प्रश्न दिसतो : 'तुम्हाला नक्की काय म्हणायचंय?' शब्द चुकला असं आम्हाला म्हणायचं नसतं. मराठीत एकच शब्द असतो, इंग्रजीत त्याला चार फाटे फुटतात आणि त्यातला कुठला धरायचा हे फक्त तुम्हालाच ठाऊक असतं.

सगळ्यात महागात पडणारी जोडी डाउट आणि सस्पेक्ट. मराठीत दोन्हीकडे 'संशय' चालतो. 'माल खराब असल्याचा आम्हाला संशय आहे' याचं 'वी डाउट दॅट द गुड्स आर डॅमेज्ड' केलं, की वाचणारा समजतो, माल खराब असेल असं यांना वाटत नाही. तक्रारीचं पत्र मालालाच प्रशस्तिपत्र देऊन बसतं! इथे सस्पेक्टच हवं. एखादी गोष्ट खरी असावी असं वाटतं तेव्हा सस्पेक्ट, खरी नसावी असं वाटतं तेव्हा डाउट. 'आय हॅव अ डाउट' म्हणजे 'मला एक विचारायचंय' हे आपल्याकडे सर्रास चालतं. परदेशी वाचकाला मात्र त्यात अविश्वासाचा वास येतो. त्याला लिहिताना सरळ क्वेश्चन लिहावं.

'नाकारणे' तर आमच्या टेबलावर रोज येतं. आरोप नाकारला, म्हणजे तो खरा नाही असं सांगितलं, की डिनाय. अर्ज किंवा माल नाकारला की रिजेक्ट. निमंत्रण नम्रपणे नाकारलं की डिक्लाइन. सही करायलाच ठाम नकार दिला की रिफ्यूज. निमंत्रणाला डिनाय लावलं तर निमंत्रण आलंच नव्हतं, असा अर्थ निघू शकतो.

'पर्यंत'चंही तसंच. 'शुक्रवारपर्यंत आराखडे पाठवू' इथे बाय फ्रायडे हवं. टिल फ्रायडे लिहिलंत तर तुम्ही शुक्रवार उजाडेतो रोज आराखडे पाठवत राहणार, असं होतं. करारात हे फारच नडतं.

आता समानार्थी शब्दांच्या कोशाविषयी. पीटर मार्क रोजे या डॉक्टरांचा प्रसिद्ध थिसॉरस 1852 साली आला. त्यात शब्द वर्णानुक्रमाने नाहीत, कल्पनांनुसार मांडलेले आहेत. ओठांवर असलेला पण आठवत नसलेला शब्द शोधायला तो उत्तम. अनोळखी शब्द भारदस्त दिसला म्हणून उचलायला मात्र नाही. इंग्रजीत एकाच अर्थाचे इतके शब्द साचले त्याला इतिहास आहे : 1066 मध्ये उत्तर फ्रान्समधल्या नॉर्मनांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली, लॅटिन चर्चमध्ये आणि विद्वानांकडे होतीच. म्हणून आस्क हा घरचा, क्वेश्चन फ्रेंचमधून आलेला, इंटरॉगेट लॅटिनमधला. कोशात तिघे शेजारी बसतात, पण इंटरॉगेट म्हटलं की पोलीस डोळ्यांपुढे येतात. ग्राहकाला आपण इंटरॉगेट करत नाही.

छटेवरून आठवलं : 'स्वस्त' या शब्दात आपल्याला काही वावगं वाटत नाही, चीपमध्ये मात्र 'हलक्या दर्जाचं' हेही ऐकू येतं. जाहिरातीत आम्ही तिथे अफोर्डेबल घालतो. इकॉनॉमिक म्हणजे अर्थव्यवस्थेचा, इकॉनॉमिकल म्हणजे काटकसरीचा. इथे वाद नाही.

काही ठिकाणी मात्र नियमच नसतो, नुसती सवय असते. पाऊस हेवी, वारा स्ट्राँग. का? आपण मुसळधार पाऊस म्हणतो, मुसळधार वारा म्हणत नाही; त्याचं तरी कारण कोण सांगणार? अशा जागी आम्ही न विचारता शब्द बदलतो, पण बदल दिसेल असा ठेवतो. पटला नाही तर खोडून टाका.

इंग्रजी मसुद्याबरोबर मूळ मराठी वाक्यं असतील तर तीही पाठवा, मोडकीतोडकी असली तरी चालतील. मजकूर कोण वाचणार आहे तेही एका ओळीत कळवा. समासातले निम्मे प्रश्न तिथेच मिटतात.