उथळ पाण्यातलं निनावी जहाज

एप्रिल २०१५ मध्ये अमेरिकेच्या तटरक्षक दलाचं एक हेलिकॉप्टर मिशिगन सरोवरावर गस्त घालत होतं. बर्फ नुकताच वितळला होता, पाणी थंड आणि नितळ होतं. स्लीपिंग बेअर पॉइंट या भूशिराच्या आसपास बुडालेल्या जहाजांचे लाकडी सांगाडे वरून स्पष्ट दिसत होते. त्यांतलं जेम्स मॅकब्राइड १८५७ मध्ये वादळात किनाऱ्यावर आदळलेलं, तर रायझिंग सन १९१७ मधलं. उरलेल्यांपैकी काहींचं नाव मात्र कुणालाच सांगता येत नव्हतं.

किनाऱ्याजवळ दहा-बारा फूट पाण्यात पडलेलं जहाज निनावी राहतं कसं?

आधी, लाकूड इतकी वर्षं टिकतं ते का, ते पाहू. समुद्रात लाकडाचा मोठा शत्रू म्हणजे टेरेडो. त्याला जहाजकिडा म्हणतात, पण तो खरं तर शिंपल्यांच्या कुळातला. लाकूड पोखरून तो त्याची चाळण करतो. गोड्या पाण्यात तो जगत नाही. शिवाय थंडीमुळे लाकूड कुजवणाऱ्या जिवाणूंचं कामही मंदावतं. म्हणून उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांत खोलवर दीडशे वर्षांपूर्वीची जहाजं डोलकाठ्यांसकट उभी सापडतात.

उथळ पाण्यात हे भाग्य नाही. लाटेची जेवढी लांबी, तिच्या साधारण निम्म्या खोलीपर्यंत पाणी घुसळलं जातं. वादळी लाटांपुढे दहा फूट खोली म्हणजे काहीच नाही. हिवाळ्यात बर्फाचे ढीग तळाला घासत सरकतात आणि वर आलेलं लाकूड मोडून नेतात. माणसंही मागे नसत. जहाज हाताशी असल्यामुळे नांगर, दोरखंड, इंजिन, चांगल्या फळ्या, सगळं त्याच काळात काढून नेलं जाई. नाव रंगवलेलं असे ते पुढच्या आणि मागच्या टोकाला, वरच्या भागात. म्हणजे सगळ्यात आधी नष्ट होतो तो नेमका नाव असलेला भाग, आणि उरतो वाळूत रुतलेला तळ. ही वाळूही स्थिर नसते. एका वादळात सांगाडा उघडा पडतो, पुढच्या वादळात पुन्हा गाडला जातो.

अमेरिकेने १८६६ च्या कायद्याने जहाजांना अधिकृत क्रमांक द्यायला सुरुवात केली. तो मुख्य तुळईवर कोरावा लागे. पण ही तुळईसुद्धा डेकच्या पातळीवर, त्यामुळे उथळ पाण्यात तीही सहसा उरत नाही.

मग तळच वाचावा लागतो, आणि मला या सगळ्या शोधातलं हेच काम सर्वांत सुंदर वाटतं. फासळ्यांची जाडी आणि त्यांच्यातलं अंतर मोजतात. जोड लोखंडी खिळ्यांचे आहेत की लाकडी खुंट्यांचे, ते पाहतात. इंजिनाचा भक्कम पाया सापडला तर ती आगबोट. तळाच्या मधोमध लांबट खाच असेल तर ते शिडाचं जहाज असण्याची शक्यता मोठी. उथळ बंदरांत शिरताना वर ओढून घेता येईल अशी फळी त्या खाचेतून खाली सोडत. रुंदीही बोलकी असते. ईरी आणि ओंटारियो सरोवरांना जोडणाऱ्या, १८४५ मध्ये पूर्ण झालेल्या दुसऱ्या वेलंड कालव्याचे जलपाश, म्हणजे जहाज वर-खाली नेणारे दारांचे कप्पे, १५० फूट लांब आणि साडेसव्वीस फूट रुंद होते. त्यांत जेमतेम मावतील अशी पेटीसारखी जहाजं मुद्दाम बांधली गेली. सांगाडा सव्वीस फूट रुंद भरला, तर जहाज या कालव्यासाठी बांधलेलं असावं असा अंदाज करता येतो. लाकडातल्या वाढीच्या वलयांवरून झाड कधी तोडलं तेही कळू शकतं, मात्र सालीलगतचा थर शाबूत हवा. आणि ती फळी नंतरच्या दुरुस्तीतली निघाली तर सगळा हिशेबच चुकतो.

ही मापं मग जुन्या नोंदणीपत्रांशी आणि वर्तमानपत्रांतल्या अपघातांच्या बातम्यांशी ताडून पाहतात. इथे घाई फार महागात पडते. फ्रेंच शोधप्रवासी ला साल याचं ग्रिफॉन हे जहाज १६७९ मध्ये कातडी घेऊन निघालं आणि नाहीसं झालं. ते सापडल्याचे दावे अनेकदा झाले, पण एकही सर्वमान्य झालेला नाही. पुरेसा पुरावा नसेल तर ‘अनोळखी’ हीच नोंद मला जास्त मोलाची वाटते. सांगाड्यातला एखादा खिळा कुणी आठवण म्हणून उचलला, तरी त्या तुटपुंज्या पुराव्यातला एक दुवा जातो.

पुरावे जुळले की काय होतं, ते २०२३ मध्ये विस्कॉन्सिनजवळच्या ग्रीन बे या उपसागरात दिसलं. मासेमारीला गेलेल्या बापलेकीला सोनारच्या, म्हणजे ध्वनिलहरींनी पाण्याखालचं दाखवणाऱ्या यंत्राच्या, पडद्यावर, ग्रीन आयलंड बेटाजवळ जेमतेम आठ-दहा फूट पाण्यात, एक आकृती दिसली. विस्कॉन्सिन हिस्टॉरिकल सोसायटीच्या तज्ज्ञांनी पाण्याखाली कॅमेरा सोडून पाहणी केली. हे जॉर्ज एल. न्यूमन असावं, असं त्यांचं मत आहे. १८५५ मध्ये बांधलेलं, १२२ फूट लांबीचं, तीन डोलकाठ्यांचं ते जहाज होतं. ८ ऑक्टोबर १८७१ च्या रात्री विस्कॉन्सिनमधल्या पेश्टिगो गावाचा भीषण वणवा पेटला होता. धुराने काही दिसेना आणि लाकूड भरून निघालेलं हे जहाज ग्रीन आयलंडला लागलं. दीपगृहाच्या रखवालदाराने खलाशांना वाचवलं. खलाशांनी पुढचा आठवडाभर तिथेच राहून काढता येईल तेवढं सामान काढून घेतलं. मागे राहिलेला सांगाडा वाळूने झाकला आणि लोक त्याला विसरले.