खाद्यकचऱ्याचे भरक : जैवविघटनशील प्लॅस्टिकमधील वापर

फळभाज्यांची साले, टरफले, कोंडा, चोथा किंवा अंड्यांची कवचे वाळवून, दळून ती भुकटी जैवविघटनशील प्लॅस्टिकमध्ये मिसळण्याची पद्धत. या भुकटीला भरक म्हणतात. कारखान्यात फिलर हाच शब्द रूढ आहे. मूळ पॉलिमर (लांब साखळ्यांच्या रेणूंचे द्रव्य) बहुधा पीएलए म्हणजे पॉलिलॅक्टिक ॲसिड, पीबीएटी हे लवचीक प्लॅस्टिक, जिवाणूंकडून मिळणारे पीएचबी किंवा स्टार्चपासून केलेले प्लॅस्टिक असते. ही पॉलिमर साध्या पॉलिथिनपेक्षा महाग पडतात. त्यामुळे त्यांतला काही हिस्सा स्वस्त भुकटीने भरून काढणे हा पहिला हेतू. भरकाने वस्तू ताठरही होते, मात्र ताणली असता लवकर तुटते. म्हणून चमचे, ताटल्या, रोपांच्या कुंड्या यांना ही पद्धत मानवते, पातळ पिशवीला फारशी नाही.

कृतीतला अवघड भाग म्हणजे पाणी आणि उष्णता. पीएलए साधारण १५० ते १८० अंश सेल्सिअसला वितळते आणि वनस्पतिजन्य भुकटी २०० अंशांच्या पुढे करपू लागते. काम करायला उरते ती एवढीच जागा. भुकटीत ओल राहिली तर वितळलेल्या पीएलएच्या लांब साखळ्या पाण्यामुळे तुटतात आणि माल ठिसूळ निघतो. म्हणून वाळवणीत घाई चालत नाही. पीबीएटी १२० अंशांच्या आसपासच वितळत असल्याने तिथे करपण्याचा धोका कमी. वाळलेली भुकटी चाळून दोन स्क्रूंच्या एक्स्ट्रूडरमध्ये (तापवून, मळून माल बाहेर ढकलणाऱ्या यंत्रात) पॉलिमरबरोबर मळतात, निघालेल्या दोऱ्या कापून दाणा करतात आणि तो साच्यात घालतात. भुकटीतले सेल्युलोज, म्हणजे वनस्पतींच्या तंतूंचे मुख्य द्रव्य, पाणी धरते, पॉलिमर पाण्याला दूर ठेवते, त्यामुळे दोघांची पकड कच्ची राहते. ती सुधारण्यासाठी भुकटी कॉस्टिक सोड्याने धुतात किंवा मॅलेइक ॲनहायड्राइड हे पकड वाढवणारे रसायन जोडलेले पॉलिमर थोडे मिसळतात.

सगळा खाद्यकचरा मात्र सारखा नसतो. अंड्याच्या कवचात सुमारे ९५ टक्के कॅल्शियम कार्बोनेट असते. प्लॅस्टिक उद्योग खाणीतला चुनखडक दळून हेच द्रव्य पूर्वीपासून वापरतो. कवचाच्या आतला पापुद्रा काढला की ते त्याची जागा घेऊ शकते. शेंगदाण्याची टरफले आणि भाताचा तूस हेही चांगले भरक. उलट इंदूरच्या रामबागेतल्या एखाद्या मराठी घरातला दुधासाखरेत उकळलेल्या चहाचा चोथा तसाच घेतला तर त्यातली साखर एक्स्ट्रूडरमध्ये जळते आणि स्निग्धांशाला वास येतो. उरलेली भाजी-पोळी तर या कामाची नाहीच.

इंदूरच्या संदर्भात हा भेद फार मोलाचा आहे. शहरात घरोघरी कचरा वेगळा करून घेतला जातो, आणि देवगुराडिया येथे १९ फेब्रुवारी २०२२ रोजी उद्घाटन झालेल्या बायो-सीएनजी (ओल्या कचऱ्यापासून इंधन-वायू) प्रकल्पाची सुरुवातीची क्षमता रोज ५५० टन ओला कचरा घेण्याची होती. तेव्हा भरकासाठी या प्रकल्पाशी स्पर्धा करण्यात अर्थ नाही. शिळे अन्न, सडलेली फळे यांचा गॅस उत्तम होतो; ती वाळवायलाच इतकी ऊर्जा लागेल की सारा हिशेब उलटेल. परंतु लिग्निन (वनस्पतींना लाकडासारखा कडकपणा देणारे द्रव्य) असलेले कठीण भाग प्रकल्पाच्या हवाविरहित टाकीत नीट कुजत नाहीत, आणि अंड्याची कवचे गाळ होऊन तळाशी बसतात. सराफा या इंदूरच्या खाऊबाजारात भुट्ट्याचा कीस करताना उरणारी दाणे काढलेली कणसे, टरफले, कवचे हा एकजिनसी माल गॅससाठी कमी उपयोगाचा आणि भरकासाठी नेमका योग्य. तो एकत्र कचऱ्यातून निवडून काढण्यापेक्षा दुकानाच्या, गिरणीच्या दारातूनच वेगळा उचलावा लागतो.

भरक नैसर्गिक म्हणून वस्तू आपोआप विघटनशील ठरत नाही, हे ठासून सांगायला हवे. १९७० च्या दशकात पॉलिथिनमध्ये स्टार्च मिसळण्याचे प्रयोग झाले. अशा मिश्रणातला स्टार्च जंतू खातात, पॉलिथिन बारीक तुकडे होऊन मातीत उरते. ‘भुश्याचे कप’ म्हणून विकल्या जाणाऱ्या वस्तूत मूळ पॉलिमर कोणते, हा ग्राहकाने विचारायचा पहिला प्रश्न आहे. शुद्ध पीएलएलाही सुमारे ५८ अंश उष्णतेचे औद्योगिक कंपोस्ट लागते. घरच्या कुंडीत किंवा ३५-४० अंशांच्या गॅसटाकीत ते फार हळू विघटते. भरकामुळे पाणी आत शिरून विघटनाला बहुधा वेग येतो, पण उष्णतेची अट सुटत नाही.

आयएसओ १७०८८ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार कंपोस्टयोग्य प्लॅस्टिकमधील सेंद्रिय कार्बनचा ९० टक्के भाग १८० दिवसांच्या आत कार्बन डायऑक्साइडमध्ये बदलावा लागतो. भारतात असे प्लॅस्टिक बनवणाऱ्याला केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्या, चमचे, कप यांवर बंदी आली, त्यातून कंपोस्टयोग्य प्लॅस्टिक वगळलेले आहे.