कालवाच्या पाठीवर कालव

बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात, कणकुंबीच्या माउली देवळापाशी मलप्रभा उगवते आणि पूर्वेची वाट धरते. कूडलसंगमाला ती कृष्णेत मिसळते आणि तिचं पाणी शेवटी बंगालच्या उपसागरात जातं. त्याच तालुक्यात देगावजवळ म्हादई उगवते. ती मात्र पश्चिमेकडे घाट उतरते, गोव्यात तिची मांडवी होते आणि पणजीपाशी ती अरबी समुद्राला भेटते. म्हादईच्या पाण्यावरून कर्नाटक आणि गोव्यात चाललेला वाद बेळगावात पोराटोरांनाही पाठ आहे. पण या नदीच्या दुसऱ्या टोकाला, गोडं पाणी खाऱ्यात मिसळतं तिथे, खडकांना चिकटून बसलेली कालवं, म्हणजे ऑयस्टर, याच पाण्याच्या तालावर जगतात. हे आपल्या बोलण्यात कधी येत नाही.

तिसऱ्या, म्हणजे खाडीच्या वाळूतल्या खायच्या शिंपल्या, आपल्याला ठाऊक असतात. बेळगावच्या कॅम्पातल्या मासळी बाजारातून त्या घरी आल्या की आई सुकं करायची आणि रिकाम्या शिंपल्या परसातल्या नारळाच्या बुंध्याशी टाकायची. कालव हे तिसरीचं भावंडच, दोन शिंपल्यांच्या आत राहणारा मऊ जीव. स्वभाव मात्र वेगळा. तिसरी वाळूत रुतून राहते आणि गरज पडली तर सरकते. कालव एकदा जिथे बसलं तिथून जन्मभर हलत नाही.

म्हणून जागा निवडण्याला फार महत्त्व. अंड्यातून निघालेलं पिल्लू मोहरीच्या दाण्याहूनही कितीतरी बारीक असतं. दोन-तीन आठवडे ते भरती-ओहोटीबरोबर वाहत राहतं. मग त्याला एक पाय फुटतो, डोळ्यासारखा ठिपका येतो आणि ते तळ चाचपू लागतं. खाली चिखल असेल तर ते गाडलं जातं, संपतं. खडक चालतो, खारफुटीची मुळं चालतात, होडीचा तळही चालतो. पण सगळ्यात आवडती जागा म्हणजे दुसऱ्या कालवाची शिंपली, मग ती जिवंत कालवाची असो वा मेलेल्या. शिंपलीवरून पाण्यात उतरणारी रासायनिक खूण पिल्लाला कळते. आपल्यातलं कुणीतरी इथे जगलं होतं, एवढी खात्री त्याला पुरते. अशा पिढ्या एकमेकींच्या पाठीवर बसत जातात आणि तळावर शिंपल्यांची उंच रास उभी राहते. तिच्या फटींत खेकडे, कोळंबी आणि माशांची पिल्लं आसरा घेतात.

कार्ल मोबिउस या जर्मन प्राणिशास्त्रज्ञाला उत्तर समुद्रातल्या अशाच राशी तपासण्याचं काम मिळालं होतं. कालवांची शेती करता येईल का, एवढाच सरकारचा प्रश्न होता. मोबिउसला तिथे कालवांबरोबर अख्खा शेजार दिसला. एकाची संख्या हलली की सगळ्यांची हलते, हे त्यानं ओळखलं आणि १८७७ साली अशा एकत्र नांदणाऱ्या जीवसमूहाला ‘बायोसिनोसिस’ असं नाव दिलं. पुढे परिसंस्थेचा जो विचार वाढला, त्याच्या मुळाशी कालवांची ही रास आहे. मला याचं फार अप्रूप वाटतं.

कालव पाणी आत ओढतं, कल्ल्यांवर सूक्ष्म शेवाळ अडकवून खातं आणि नको तो गाळ चिकट गोळ्या करून तळाला सोडतं. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचं मोठं कालव अनुकूल स्थितीत दिवसाला १९० लिटरपर्यंत पाणी गाळू शकतं. तिथल्या चेसापीक उपसागरात एके काळी इतकी कालवं होती की सगळा उपसागर ती काही दिवसांत गाळून काढत असावीत, असा अंदाज आहे. माणसानं लोखंडी फाळ ओढून त्या राशी खरवडल्या. मांस खाल्लं, शिंपल्या रस्त्यांत आणि चुन्याच्या भट्टीत गेल्या. तिथली कालवं आता जुन्या संख्येच्या एक टक्क्याच्या आसपास उरली आहेत. जगभरचा हिशेब २०११ साली मांडला गेला, तेव्हा कालवांच्या सुमारे ८५ टक्के राशी नाहीशा झालेल्या आढळल्या.

खरं नुकसान मी शिंपलीचं मानते. कालव काढलं तर एक जीव जातो. शिंपली पाण्याबाहेर गेली तर पुढच्या पिल्लाची जमीन जाते.

त्यामुळे कालवं परत आणायची तर आधी त्यांना जमीन परत द्यावी लागते. न्यूयॉर्कमध्ये हॉटेलांतल्या रिकाम्या शिंपल्या गोळा होतात, उन्हापावसात महिनोन्‌महिने मुरवल्या जातात आणि त्यांच्यावर पिल्लं बसवून बंदरात सोडली जातात. चेसापीकच्याच काठच्या मेरीलँड राज्यात, हॅरिस क्रीक या खाडीत २०११ ते २०१५ या काळात अशी दोन अब्जांहून जास्त पिल्लं पेरली गेली. नुसतं पेरून मात्र भागत नाही. व्हर्जिनियात एका नदीत २००४ साली काही राशी उंच रचल्या आणि काही सपाट पसरल्या. पाच वर्षांनी प्रसिद्ध झालेल्या नोंदीत उंच राशींवर कालवांची दाटी सपाट राशींच्या चौपट होती. उंचावर पाण्याला वेग राहतो आणि गाळ साचत नाही. सपाट राशीचा मात्र गाळाखाली जीव गुदमरतो.

आपल्या किनाऱ्यावर पावसाचा प्रश्न वेगळा येऊन पडतो. चोर्ल्याच्या घाटात जून-जुलैत जे कोसळतं, ते सगळं खाडीत उतरतं आणि खाडीचं पाणी जवळजवळ गोडं होतं. कालव शिंपल्या घट्ट मिटून दिवस काढतं. फार काळ मिटून राहावं लागलं तर मरतं. तरीही हेच गोडं पाणी त्याची राखणही करतं. कालवाच्या शिंपलीला भोक पाडणाऱ्या समुद्री गोगलगायी आणि शिंपली पोखरणारे स्पंज यांना कमी खारटपणा सोसत नाही. पाऊस फार झाला तरी वाईट आणि नदीचं पाणी फार आटलं तरी वाईट. म्हादईच्या उगमाकडच्या भीमगडच्या जंगलातून किती पाणी, किती गाळ घेऊन आणि कोणत्या महिन्यात खाली जातं, यावर खाडीतल्या राशीचं भवितव्य ठरतं. पाणीवाटपाच्या चर्चेत हा हिशेब धरलाच पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

उरतो काढणीचा नियम. बहुतेक कालवं आधी नर असतात आणि मोठी झाली की त्यांतली पुष्कळशी मादी होतात. एकेक मादी लाखोंनी अंडी सोडते. म्हणजे मोठी निवडून काढली की आपण नेमक्या आयाच उचलतो. लहान सोडून द्यायची आणि काही राशींना हातच लावायचा नाही, ही शिस्त त्यातूनच येते. केरळातल्या अष्टमुडी सरोवरात तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांसाठी डिसेंबर ते फेब्रुवारी या विणीच्या काळात काढणी बंद असते आणि जाळ्याच्या छिद्राला मर्यादा असते. त्या मासेमारीला २०१४ साली शाश्वततेचं आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळालं. भारतात ते पहिलं होतं.

मलप्रभेत कालवं नाहीत, पण गोड्या पाण्यातले शिंपले आहेत. त्यांचं पिल्लू जागा शोधत वाहत नाही. ते माशाच्या कल्ल्याला किंवा पराला चिमट्यासारखं धरतं, काही दिवस त्याच्या अंगावर राहतं आणि मग वाळूत गळून पडतं. मासा नसेल तर पिल्लू वाढत नाही आणि वाळू उपसली तर त्याला उतरायला घर नाही. मे महिन्यात खानापूरच्या पुलाखाली पाणी ओसरलं, तेव्हा ओल्या वाळूत मला सात जिवंत शिंपले सापडले. पाठीवरच्या वाढीच्या रेषा मोजून पाहिल्या आणि ज्या ओलीतून उचलले होते तिथेच ते पुन्हा रोवून ठेवले.