लाईट आली, पण प्रिंटर हरवला

लातूरच्या मोंढ्यात सोयाबीनची आवक वाढली की आडत दुकानातल्या प्रिंटरला उसंत नसते, विकलेल्या मालाच्या हिशोबाच्या पट्ट्यांवर पट्ट्या. नेमकी तेव्हाच लाईट जाते. पंधरा मिनिटांनी येते, प्रिंटरचा हिरवा दिवा लागतो, कागद भरलेला असतो, तरी कॉम्प्युटर म्हणतो 'ऑफलाईन'. "नेट गेलंय," मुनीम सांगून मोकळे होतात. पट्टीसाठी थांबलेला शेतकरी बाकावर टेकतो.

नेटवर उगाच आळ येतो. दुकानातले कॉम्प्युटर आणि प्रिंटर एकाच राऊटरला जोडलेले असतात आणि त्यांचं बोलणं चार भिंतींतच चालतं. त्या जाळ्याला लॅन म्हणतात. रस्त्याच्या खोदकामात फायबर तुटली तरी लॅन शाबूत राहतं. (हिशोबाचं सॉफ्टवेअरच ऑनलाईन असेल तर गोष्ट वेगळी.)

मग हरवतो तो प्रिंटरचा पत्ता.

ऊसतोडीला गेलेल्या माणसाचं नाव तेच राहतं, पण कोपी, म्हणजे राहायची झोपडी, दर हंगामाला वेगळ्या फडाजवळ पडते. यंत्राचंही तसंच. मॅक ॲड्रेस हे त्याचं नाव: कारखान्यातच दिलेली, 0 ते 9 आणि ए ते एफ यांतली बारा चिन्हं, बहुधा मागच्या स्टिकरवर छापलेली. आयपी ॲड्रेस म्हणजे आत्ताची कोपी. उदाहरणार्थ 192.168.1.37. टिंबांमधला प्रत्येक आकडा 0 ते 255 यांतला, म्हणजे जगभरात मिळून सुमारे 429 कोटी पत्ते. ते पुरणार नाहीत हे लवकरच कळलं, म्हणून 192.168 ने सुरू होणारे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवले. तुमच्या दुकानात आणि जालन्यातल्या एखाद्या कार्यालयात तोच पत्ता असला तरी बिघडत नाही. गांधी चौक काय एकाच गावात असतो?

कोप्या वाटणारा मुकादम राऊटरमध्ये बसलेला असतो, त्याचं नाव डीएचसीपी. तो पत्ता ठरावीक मुदतीपुरताच देतो. लाईट गेली की बऱ्याच साध्या राऊटरची वही कोरी होते. लाईट आल्यावर जो आधी हात पुढे करील त्याला आधी पत्ता. काल 37 वर असलेला प्रिंटर आज 41 वर जातो आणि कॉम्प्युटर 37 चंच दार वाजवत बसतो.

उपाय राऊटरच्या सेटिंगमध्ये आहे. 'ॲड्रेस रिझर्व्हेशन' मध्ये प्रिंटरचा मॅक ॲड्रेस एका आकड्याशी बांधून टाकायचा. काहीजण प्रिंटरमध्येच हाताने आकडा भरतात. चालतं, पण तो मुकादमाच्या वाटपातला नसावा; नाहीतर तोच पत्ता एखाद्या मोबाईललाही मिळतो आणि दोघंही अडतात.

पत्ता 169.254 ने सुरू होत असेल तर मुकादमाकडून उत्तरच आलं नाही, यंत्राने स्वतःच काहीतरी आकडा धरला, असं समजा. अशा वेळी आधी केबल बघावी. ती उंदराने कुरतडलेली निघणं धान्याच्या दुकानात नवल नाही.

आणि मेकॅनिकला फोन करण्याआधी पिंग. समोरचं यंत्र हाकेला ओ देतं का ते बघणारा, 1983 मध्ये माईक मूस यांनी लिहिलेला हा छोटा प्रोग्राम. नाव पाणबुड्या शोधणाऱ्या सोनार यंत्राच्या आवाजावरून. कमांड प्रॉम्प्टमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरला आज्ञा टाईप करून द्यायच्या खिडकीत, 'पिंग' ही आज्ञा इंग्रजी अक्षरांत लिहून पुढे प्रिंटरचा पूर्ण आयपी ॲड्रेस टाकायचा. उत्तर आलं तर वाट मोकळी आहे, घोटाळा कॉम्प्युटरच्या प्रिंटर सेटिंगमध्ये. नाही आलं तर प्रिंटरच्या मेनूत त्याचा आजचा आकडा बघायचा. आमच्याकडे तो मार्करने प्रिंटरच्या झाकणावरच लिहिलाय, खाली लाईटबिलाच्या तारखेशेजारी.