पायथनच्या डॉक्समधली चूक कळवायची कशी: पात्रता, लागणारी माहिती आणि पायऱ्या

डॉक्स डॉट पायथन डॉट ऑर्गवर, म्हणजे पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या अधिकृत माहितीपानांवर (डॉक्सवर) चूक दिसली, तर ती कळवायला पायथनमधलं तज्ज्ञ असावं लागत नाही. गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावर खातं असलं की पुरे. फी नाही, सभासदत्व नाही. गिटहब नको असेल तर डॉक्सच्या टीमला ईमेल करता येतो. पत्ता 'डीलिंग विथ बग्ज' या पानावर आहे, मात्र तिथली पत्रं स्वयंसेवकच बघतात, उत्तराची घाई करू नये. जुने लेख वाचून बग्ज डॉट पायथन डॉट ऑर्गवर जाऊ नका. तिथले इश्यू (चुकांच्या नोंदी) एप्रिल 2022 मध्ये गिटहबवर सीपायथनच्या, म्हणजे मूळ पायथनच्या, रिपॉझिटरीत (कोडच्या साठ्यात) हलवले. जुना ट्रॅकर आता फक्त वाचण्यापुरता उरला आहे.

कळवण्याआधी

पानाच्या वरच्या बाजूला आवृत्ती निवडायची यादी असते. तिच्यातून 'डेव्ह' (अजून तयार होत असलेली) आवृत्ती उघडून तेच वाक्य शोधा. बऱ्याचदा तिथे ते आधीच सुधारलेलं सापडतं. तुम्ही वाचत असलेली आवृत्ती किती जुनी आहे तेही बघा: 3.13 पासून प्रत्येक आवृत्तीला साधारण दोन वर्षं सगळ्या दुरुस्त्या मिळतात, पुढे फक्त सुरक्षेच्या. त्या टप्प्यावर गेलेल्या आवृत्तीतल्या टायपोला सहसा कुणी हात लावत नाही.

मग इश्यूंमध्ये शोधा. गिटहब आपणहून फक्त उघडे इश्यू दाखवतं, म्हणून शोधाच्या चौकटीतली 'ओपन'ची अट काढून बंद झालेलेही चाळा. नमपाय, रिक्वेस्ट्स या पायथनसाठीच्या वेगळ्या लायब्ऱ्या. त्यांच्या डॉक्समधली चूक त्यांच्या त्यांच्या प्रकल्पाकडे कळवायची. भाषांतरातली चूक असेल तर त्या भाषेच्या वेगळ्या रिपॉझिटरीत कळवायची.

काय काय लिहायचं

शीर्षकावर कर्सर नेला की बाजूला परिच्छेदाची खूण उमटते. तिची लिंक द्या, म्हणजे वाचणारा नेमका त्या जागी पोचतो. चुकीचं वाक्य जसंच्या तसं उतरवा. काय चुकलंय ते एका ओळीत, आणि पुरावा: चार-पाच ओळींचा कोड, आलेलं आउटपुट, पायथनची आवृत्ती. स्क्रीनशॉट टाळा, त्यातला मजकूर शोधता येत नाही, कॉपीही होत नाही.

समजा, स्ट्रिंगच्या (मजकुराच्या) 'रिमूव्हप्रीफिक्स' या मेथडखाली ती 3.8 पासून आहे असं छापलेलं दिसलं. 'डॉक्स चुकीचे आहेत' या शीर्षकाचा इश्यू तसाच पडून राहील. 'रिमूव्हप्रीफिक्स: आवृत्ती 3.8 लिहिली आहे, 3.9 हवी' एवढं शीर्षक आणि खाली 3.8 मध्ये येणारा ॲट्रिब्यूट एरर दिला, की तपासणाऱ्याला वेगळं काही शोधावं लागत नाही. त्याची मेहनत वाचवणं हाच यातला खरा शिष्टाचार. 'प्लीज' आणि 'थँक्यू' त्यानंतर.

चूक नसेल, नुसतं समजलं नसेल, तरी कळवता येतं. फक्त ते तसं लिहा: कोणत्या वाक्यापाशी अडलात आणि तुम्ही काय अर्थ लावला होता.

पायऱ्या

'न्यू इश्यू'मध्ये 'डॉक्युमेंटेशन' हा नमुना निवडा. इंग्रजी साधी, मोडकी असली तरी चालते. एका इश्यूत एकच विषय ठेवा. कोअर डेव्हलपरांना (पायथन सांभाळणाऱ्या मुख्य लोकांना) नावानिशी टॅग करू नका. दुसऱ्याच्या इश्यूखाली 'मलाही' लिहिलं की तो बघणाऱ्या सगळ्यांना ईमेल जातो. त्याऐवजी अंगठ्याची खूण द्या. एआयने लिहून दिलेला अहवाल स्वतः कोड चालवून बघितल्याशिवाय टाकू नका.

स्वतः दुरुस्त करायचं असेल तर

साध्या टायपोला इश्यू लागत नाही, थेट पुल रिक्वेस्ट (तुमचा बदल स्वीकारण्याची विनंती) चालते. मोठ्या बदलाला आधी इश्यू, आणि पुल रिक्वेस्टच्या शीर्षकात 'जीएच' व त्या इश्यूचा क्रमांक. पानाची मूळ फाइल 'शो सोर्स'मधून कळते. ती 'डॉक' फोल्डरात असते. पायथनमध्ये 'हेल्प' लिहिल्यावर दिसणारा मजकूर मात्र डॉकस्ट्रिंगमधून (कोडमध्येच लिहिलेल्या माहितीतून) येतो, तेव्हा तीच चूक तिथेही आहे का ते बघा.

नेहमी अडकायला होतं ते इथे: मार्कडाउनच्या सवयीने कोडला एकेरी बॅकटिक दिली जाते, हे डॉक्स ज्या रीस्ट्रक्चर्डटेक्स्ट पद्धतीत लिहितात तिच्यात ती दुहेरी लागते. पहिल्या वेळी बॉट (आपोआप काम करणारा प्रोग्राम) योगदान करारावर सही मागतो. कमिटमधला (नोंदवलेल्या बदलातला) ईमेल गिटहब खात्याशी जोडलेला नसेल, तर सही करूनही तपासणी लाल राहते. बदल 'मेन' शाखेवरच करा. जुन्या आवृत्त्यांत तो नेण्यासाठी कोअर डेव्हलपर लेबल लावतात आणि बॉट बॅकपोर्ट (जुन्या आवृत्तीसाठी त्याच बदलाची प्रत) बनवतो. परीक्षण सुरू झाल्यावर फोर्स-पुश (आधीचे कमिट पुसून नवे चढवणं) नको, कारण आधीपासून काय बदललं ते परीक्षकाला दिसेनासं होतं. शेवटी सगळे कमिट एकत्र करूनच मर्ज होतात (मुख्य कोडात मिसळतात), त्यामुळे इतिहास नीटनेटका करत बसायची गरज नाही.

महिनाभर कुणी काहीच बोललं नाही, तर इश्यूवर एक छोटी आठवण टाका. इश्यू बंद केला आणि कारण पटलं नाही, तर त्याच धाग्यात एकदा विचारा. तोच मजकूर नव्या इश्यूत टाकला तर तोही 'डुप्लिकेट' म्हणून बंद होतो.